पोश्चर तपासणी आणि नेहमी दिसणारे पोश्चर-दोष

माणूस उभा असताना, बसलेला असताना किंवा काम करताना त्याचं डोकं, खांदे, पाठीचा कणा, कंबर, गुडघे नि पावलं एकमेकांच्या हिशोबात कुठे आहेत ते नजरेने, ओळंब्याने किंवा मोजमापाने बघणं म्हणजे पोश्चर तपासणी. फिजिओथेरपी आणि ऑर्थोपेडिक ओपीडीत ती रोजची, शाळेच्या आरोग्य तपासणीत आणि खेळाडूंच्या बाबतीत अधूनमधून. नाशिकला म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) राज्यातली बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजं जोडलेली आहेत, त्यामुळे बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करणारं पोरगं कोल्हापूरचं असो की गोंदियाचं, ओळंब्याची रेघ त्याला शिकावी लागतेच. "पोक काढून बसू नकोस" हे घरोघरी ऐकलेलं असतं, ते इथे परत सांगत नाही. सरळ म्हणजे किती सरळ आणि ते ठरवलं कोणी, यावर मात्र बरेच वाद आहेत.

उगम

काहीजण सुरुवात थेट गीतेपासून करतात, सहाव्या अध्यायातलं "समं कायशिरोग्रीवं" पुढे करून. पण ती ध्यानाला बसण्याची सूचना आहे, दोष ओळखायची पद्धत नाही, त्यामुळे हा धागा ओढूनताणून जोडलेला वाटतो. दुसरं मत कवायतीचं. छाती पुढे, हनुवटी आत, गुडघे ताठ, म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत रोज दिसणारं 'सावधान', तेच पुढे डॉक्टरांनी आदर्श म्हणून उचललं असं हे लोक म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धं. लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ ब्राउने आणि गणिती फिशर यांनी १८८९ मध्ये गोठवलेल्या मृतदेहांवरून शरीराचा गुरुत्वमध्य शोधला, आणि कामाचा हेतू खरोखरच जर्मन पायदळाच्या पाठीवरच्या सामानाशी जोडलेला होता. मात्र त्यांनी आरामाची उभी ढब, लष्करी ढब आणि 'नॉर्मल' ढब अशा तीन ढबी वेगळ्या धरल्या होत्या. यातली नॉर्मल म्हणजे सांध्यांचे मध्य एका उभ्या पातळीत आणलेली, मोजायला सोयीची मांडणी, माणसाने असंच उभं राहावं असा तिचा अर्थ नव्हता. पुढच्यांनी तो अर्थ चिकटवला असं मानणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. आज शिकवली जाते ती रेघ मुख्यतः अमेरिकेतल्या हेन्री आणि फ्लॉरेन्स केंडल या फिजिओथेरपिस्ट दांपत्याच्या १९४९ आणि १९५२ च्या पुस्तकांतून रुळली, आणि तीसुद्धा हजारो लोकांची सरासरी काढून आलेली नाही, सांध्यांवर कमीत कमी ताण कुठे येईल या तर्कातून आलेली आहे. म्हणून रेघेतून दोन बोटं बाहेर असलेला माणूस आजारी ठरत नाही.

ओळंब्याची रेघ

साधन गवंड्याचंच, दोरी आणि खाली वजन. बाजूने बघताना दोरी कानाच्या पाळीवरून, खांद्याच्या टोकावरून, कमरेच्या मणक्यांमधून, मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावरून, गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या जरा पुढून जायला हवी. नवशिके कानापासून लावायला जातात, पण जुळवायचं असतं खालून, कारण उभ्या माणसात फक्त पाऊल जागेवर असतं, बाकी सगळं हलतं. मागून बघताना दोरी दोन टाचांच्या मधोमध धरायची आणि ढुंगणाची फट, मणक्यांची टोकं नि डोक्याचा मध्य त्यावर येतो का बघायचं. मग दोन्ही खांदे, खवाटे, कमरेची हाडं एका उंचीवर आहेत का, आणि हात लोंबते सोडल्यावर हात नि कंबर यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा खांदा बऱ्याचदा किंचित खाली असतो, तो दोष म्हणून लिहायचा नाही.

अडचण अशी की "तुझं पोश्चर बघतोय" म्हटलं की कुणीही ताठ होतो! म्हणून जागच्या जागी चार पावलं टाकायला लावायची, डोळे मिटायला सांगायचे, गप्पा मारायच्या आणि खांदे आपोआप पडले की मग बघायचं. अनवाणी, पाठ दिसेल अशा कपड्यांत, आणि मुलींची तपासणी असेल तर पडद्याआड, सोबत बाई असावी, शाळांच्या शिबिरांत नेमकं हेच राहून जातं आणि मग शर्टावरूनच "नॉर्मल" लिहिलं जातं.

उभं बघून काम संपत नाही. पुढची पायरी म्हणजे बाक हलतो का ते बघणं, म्हणजे पालथं झोपवलं, मागे वाकवलं, चवड्यांवर उभं केलं किंवा आखूड पायाखाली फळी दिली की तो जातो का. जात असेल तर सवयीचा किंवा स्नायूंचा, जात नसेल तर हाडांचा. कोनांच्या आकड्यांपेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा आहे असं इथे धरलं आहे.

नेहमीचे दोष

मान पुढे येणं आता सगळ्यात जास्त बोललं जातं. मानेच्या सातव्या मणक्यापासून कानापर्यंतच्या रेघेचा आडव्या रेघेशी होणारा कोन साधारण ५० अंशांच्या खाली गेला की मान पुढे आली असं बरेचजण धरतात. ६० अंश वाकल्यावर मानेवर २७ किलो भार येतो हा व्हॉट्सअपवर फिरणारा आकडा २०१४ च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधला आहे, कुणाच्या मानेत यंत्र घालून मोजलेला नाही. खांदे पुढे गोल होणं बहुधा याच्याच जोडीला येतं. प्रागचे डॉक्टर यांदा यांनी छातीचे नि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेच्या पुढचे नि खवाट्यांमधले ढिले, अशी फुलीसारखी मांडणी सुचवली, शिकवायला झकास, पण प्रत्येक पेशंट त्यात बसत नाही.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षाच्या मांडवाखाली थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) किंवा डिपिंग (घड औषधात बुडवणं) करणाऱ्या बाया तासन्‌तास हात डोक्यावर आणि मान मागे टाकून असतात, म्हणजे मोबाइलवाल्यांच्या बरोबर उलट. तिथे उभ्याचा फोटो काढून काही हाती लागत नाही, काम करतानाच बघायला लागतं. कांदा लावणीत परत कमरेतून वाकणं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभ्याने काम करणाऱ्यांत एका पायावर भार टाकायची खोड.

पाठीचा वरचा बाक २० ते ४० अंश, फार तर ४५ पर्यंत, नॉर्मलच असतो. त्यापेक्षा जास्त असेल तर पोरवयात दोन शक्यता: नुसती सवय, जी ताठ हो म्हटल्यावर जाते, किंवा डेन्मार्कच्या शॉयरमान यांनी १९२० च्या सुमारास वर्णन केलेला आजार, ज्यात मणके पाचरीसारखे होतात आणि बाक जात नाही. उतारवयात पाठ वाकणं नि उंची घटणं एकत्र आलं की हाडं ठिसूळ झाल्याची शंका घ्यायची. कमरेचा बाक वाढणं हे एक, आणि ओटीपोट पुढे ढकलून छाती मागे टाकणं, ज्याला स्वे-बॅक म्हणतात, ते दुसरं, पण या दोघांची नेहमी गल्लत होते. स्वे-बॅकमध्ये मांडीच्या हाडाचा उंचवटा दोरीच्या पुढे जातो आणि ढुंगण सपाट दिसतं, रिक्षा स्टँडवर कंबर पुढे टाकून गप्पा हाणणारी मंडळी आठवावी.

कणा बाजूला वळणं, म्हणजे स्कोलिओसिस, इथे मोजमाप सगळ्यात पक्कं आहे. एक्स-रेवर अमेरिकन सर्जन कॉब यांच्या १९४८ च्या पद्धतीने, म्हणजे वळणाच्या वरच्या नि खालच्या टोकाच्या सगळ्यात कललेल्या मणक्यांमधला, कोन १० अंश किंवा जास्त असेल तरच निदान. प्राथमिक चाचणी मात्र बिनखर्चाची: पाय जुळवून, तळवे जोडून पुढे वाकायला लावायचं आणि मागून पाठीची एक बाजू वर येते का बघायचं. ही लंडनचे सर्जन विल्यम ॲडम्स यांची चाचणी, १८६५ च्या व्याख्यानांतली. तिचा धागा इग्वानोडॉन डायनॉसॉर शोधणाऱ्या गिडियन मँटेल यांच्याशी जोडतात. १८४१ च्या घोडागाडीच्या अपघातानंतर ते पाठदुखीने पिचले, १८५२ मध्ये वारले, आणि ॲडम्सनी त्यांचा कणा तपासला तेव्हा कमरेपाशी बाजूचं वळण नि मणक्यांचा पीळ, दोन्ही सापडले. चाचणी थेट त्यातूनच सुचली का यावर एकमत नाही, पीळ हा खरा दोष हे लक्षात आलं ते तिथून, एवढं मानायला हरकत नाही. पाठीवर ठेवून हा पीळ मोजायचं साधन, स्कोलिओमीटर, १९८४ चं, त्यावर आकडा ७ अंशांपुढे गेला की एक्स-रे. सगळ्या पोरांची अशी सरसकट तपासणी करावी का, याबद्दल अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये पुरावा अपुरा असं म्हटलं.

गुडघ्यांत वय बघायचं. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे, तीन-चारला गुडघे एकमेकांवर घासणारे, सातच्या आसपास सरळ, हा नेहमीचा क्रम आहे. एकाच पायात किंवा वाढत जाणारं असेल तर मुडदूस वगैरे शोधायचं. सपाट तळव्यात चवड्यांवर उभं केल्यावर कमान दिसली तर काळजी नाही.

पोश्चर आणि दुखणं

वाकडी ढब म्हणून दुखतं, हे वाटतं तेवढं सिद्ध झालेलं नाही. बसल्याने मणक्यांमधल्या चकतीवर उभ्यापेक्षा जास्त दाब येतो हे स्वीडनचे सर्जन नाचेमसन यांचं जुनं निरीक्षण १९९९ मध्ये जर्मनीच्या विल्क यांच्या मोजमापात तसं आढळलं नाही. एकाच ढबीत फार वेळ राहणं जास्त त्रासाचं, मग ती ढब ताठ का असेना, याकडे अलीकडच्यांचा कल आहे. दप्तर वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं, हे राज्य सरकारने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या धोरणाने २०२० मध्ये सांगितलं.

ढब म्हणून सोडून देऊ नये असे काही प्रकार आहेत. पाठीत एकाच जागी टोकदार कुबड आणि सोबत ताप किंवा वजन घटणं म्हणजे मणक्याचा टीबी असू शकतो. तरुणपणी सकाळी तासभर पाठ आखडणं आणि भिंतीला टेकून उभं राहिल्यावर डोकं भिंतीला न लागणं म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची (कणा आखडत नेणाऱ्या सांध्यांच्या आजाराची) शंका. पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यात ओळंबा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.