लांबचा पल्ला, दोन टायर आणि हवेचा हिशेब

स्पोर्ट-टूरिंग गाडीकडून आपण एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मागतो. वळणात तिने स्पोर्ट बाइकसारखं आडवं व्हावं, आणि डबलसीट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या अडकवून दिवसभर हायवेवर एका लयीत पळावंही. इंजिनाला आणि चासीला हे फारसं जड जात नाही. खरी ओढाताण होते टायरच्या रबरात.

रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे प्रत्यक्ष चिकटून. दुसरं म्हणजे डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती दबून आणि परत फुलून. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा फुलताना परत मिळत नाही, काही उष्णतेत जाते. या हानीमुळेच पकड मिळते आणि याच हानीमुळे टायर तापतो आणि झिजतो. म्हणजे चांगलं पकडणारं रबर लवकर संपणार, हे ठरलेलंच.

यातून थोडी सुटका केली ती रबरात मिसळल्या जाणाऱ्या सिलिकाच्या बारीक पुडीने. १०० किमी वेगाला मागचं चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं, तेव्हा टायरचं अख्खं अंग तितक्याच वेळा दबतं. खडीच्या सूक्ष्म टोकांवर घसरताना मात्र तेच रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दबतं. सिलिका मिसळलेलं रबर पहिल्या, मंद दबण्यात कमी ऊर्जा गमावतं आणि दुसऱ्या, वेगवान दबण्यात जास्त. त्यामुळे टायर कमी तापतो, पण ओल्या रस्त्यावर पकड सोडत नाही. मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, ब्रिजस्टोन टी३२, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४ या वर्गातले टायर पावसात इतके निर्धास्त वाटतात, त्याचं मोठं श्रेय या मिश्रणाला जातं. मागच्या टायरमध्ये बहुधा मधला पट्टा टणक आणि कडा मऊ, असे दोन प्रकारचे रबर वापरलेले असतात.

तरीही सरळ हायवेवर मधला पट्टा आधी झिजतो. टायरची गोलाई सपाट होते आणि सपाट भाग जिथे संपतो तिथे कंगोरा तयार होतो. गाडी वळणात टाकताना आधी जड लागते आणि कंगोरा ओलांडला की एकदम आत पडते. नक्षी शिल्लक दिसते म्हणून असा टायर चालवत राहतात. कडा शाबूत असल्या तरी हा टायर संपलेला आहे. नक्षीच्या खाचांतले झिजेचे उंचवटे मोटरसायकल टायरवर बहुधा ०.८ मिमीला असतात. त्यांच्या पातळीपर्यंत टायर गोटा होण्याची वाट पाहू नये. पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. १८०/५५ झेडआर १७, ७३ डब्ल्यू असं असेल तर रुंदी १८० मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रचना रेडियल, रिम १७ इंची, भारक्षमता ३६५ किलो आणि वेगमर्यादा ताशी २७० किमी. पुढच्या १२०/७० झेडआर १७ वर ५८ असतं, म्हणजे २३६ किलो. अंडाकृती चौकटीतले चार अंक तारीख सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. जड गाड्यांसाठी काही मॉडेल 'जीटी' या वेगळ्या आवृत्तीत मिळतात. आकार तोच, पण सांगाडा जास्त कडक. गाडी जड असून नेहमी डबलसीट आणि सामान असेल तर तीच आवृत्ती घ्यावी. हलक्या गाडीला ती विनाकारण ताठर लागते. आणि रुबाबासाठी १८० च्या रिमवर १९० चढवण्याचा मोह टाळा. अरुंद रिमवर टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, गोलाई बदलते आणि गाडी वळायला आढेवेढे घेते.

टायरवर पैसे खर्च करूनही लोक वाट लावतात ती हवेपायी. गाडी २३० किलो आणि चालवणारा ७५ किलो धरला तर मागच्या चाकावर साधारण १५० किलो येतात. हवा ४२ पीएसआय असेल तर ढोबळ हिशेबाने रस्त्याला टेकलेला तुकडा ५० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो, जेमतेम अर्ध्या तळहाताएवढा. डबलसीट आणि सामान धरून हाच भार २४० किलोवर गेला की तुकडा ८० चौरस सेंटीमीटरपर्यंत पसरतो. पसरायचं तर टायरला प्रत्येक फेरीत जास्त वाकावं लागतं, आणि जास्त वाकणं म्हणजे जास्त ताप. भारलेल्या गाडीत हवा कमी असेल तर हायवेवर हा ताप साचत जातो, मधलं रबर भराभर उडतं आणि वेळ वाईट असेल तर आतले थर सुटतात.

म्हणून हवा थंड टायरवर तपासायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर मिळेल. नेहमीची चूक अशी: सकाळी २५ अंशांना ४२ भरली, दुपारी आतली हवा ५५ अंशांवर गेली, गेज ४७-४८ दाखवतो आणि माणूस घाबरून ४२ वर आणतो. दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये ३७ च उरते. तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नये. तापमान १० अंश बदललं की साधारण २ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे ऋतू बदलला की पुन्हा तपासा. स्वतःचा गेज जवळ असावा. पंपावरचे गेज एकमेकांशी क्वचितच जुळतात.

पुढच्या टायरवर हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजताहेत. ब्रेक लावताना ते वाकतात, त्यामुळे थोडी झीज होणारच. ती लवकर वाढली तर हवा कमी आहे किंवा फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) तेल थकलंय. टायर बदलून हा दोष जात नाही.

सामान लादलं की मागचा शॉकॉप जुळवून घ्यावा लागतो. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत मोजा, मग माणूस आणि सामानासह मोजा. फरक ३० ते ४० मिमी हवा. जास्त असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे; स्प्रिंग तीच राहते, गाडीची उंची सावरते. हे केलं नाही तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं पडतं, गाडी वळणात बाहेर जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

भाराचा परिणाम चेनवरही होतो. गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्म ज्यावर वरखाली फिरतो तो खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. डबलसीट गाडी त्या रेषेच्या जवळ येते. त्यामुळे चेन घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. ढिलाई बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिमी असते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागा धरून जुळवा. सील असलेल्या चेनमध्ये पिनांभोवतीचं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. आपण मारलेलं ल्यूब रोलरसाठी, गंज टाळायला आणि सील मऊ ठेवायला. दर ८०० ते १००० किमीला आणि पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी चेन कोमट असताना आतल्या बाजूने ते मारा, म्हणजे रात्रभरात मुरतं. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने सील जातात. चेनऐवजी शाफ्ट असलेल्या गाडीत ही कटकट नाही, पण फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं) तेल लोक साफ विसरतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ वर येते. भारलेली गाडी लांब उतारावर ब्रेकने रोखत आणली तर ऑइल उकळून वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत जातो. दोन वर्षांनी ते बदला, काळं पडायची वाट पाहू नका. इंजिन ऑइलवर जासो एमए किंवा एमए२ हे मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक लिहिलेलं हवं. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला, क्लच घसरू शकतो.

पंक्चर किटमध्ये १६ ग्रॅमच्या सीओटू नळ्या असतील तर हिशेब करून ठेवा. एका नळीतून साधारण ९ लिटर वायू निघतो आणि मागच्या टायरमध्ये १७-१८ लिटर जागा असते. म्हणजे एका नळीने जेमतेम ७ पीएसआय. तीन नळ्यांनी २० च्या आसपास मिळतील, हळू चालवत पंपापर्यंत जाण्यापुरते. बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर त्याहून बरा. भोकात घालायची पंक्चरची पट्टी फक्त नक्षीच्या भागात चालते. बाजूला भोक पडलं तर टायर गेला.

नवे टायर जोडीने, एकाच मॉडेलचे घ्या. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहा, व्हॉल्व्ह नवे घाला, चाक बॅलन्स करा. साच्यातून आलेला पृष्ठभाग निसरडा असतो, तेव्हा पहिले १५० किमी गाडी हळूहळू कलवत न्या आणि जोरात ब्रेक टाळा. अ‍ॅक्सलचा नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. चाक काढताना ब्रेकचे पिस्टन मागे सरकलेले असतात, म्हणून गाडी जागची हलवण्याआधी दोन्ही ब्रेक कडक लागेपर्यंत दाबून घ्या.