भूमिकाखेळ, मेजावरील

मेजाभोवती बसून, मुख्यतः बोलण्यातून खेळायचा कथाखेळ. टेबलटॉप आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) हे त्याचे रूढ नाव. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. एक जण संचालक असतो. खेळाडूंच्या बोलीत तो जीएम (गेम मास्टर) किंवा डीएम (डन्जन मास्टर). भोवतालचे जग, त्यातील इतर माणसे आणि प्रत्येक कृतीचा परिणाम तो सांगतो. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. एका बैठकीला सेशन व अनेक सेशनांतून चालणाऱ्या सलग कथेला कॅम्पेन म्हणतात. काही कॅम्पेन वर्षानुवर्षे चालतात. बहुतेक भूमिकाखेळांत कोणी एक जिंकत नाही. संगणकावरील भूमिकाखेळ या प्रकारातूनच निघाले. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

उगम : छापून विक्रीस आलेला पहिला भूमिकाखेळ म्हणून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ सामान्यतः मान्य आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती एक हजार खोक्यांची होती व प्रत्येक खोक्यात तीन पुस्तिका होत्या. उपशीर्षकात त्याची ओळख युद्धखेळांचे नियम अशीच होती. ‘भूमिकाखेळ’ ही संज्ञा पुढील काही वर्षांत रुळली. श्रेय व मानधन यांवरून आर्नेसनने १९७९ मध्ये दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. दोघांपैकी कोणाचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत आजही दोन तट आहेत. गायगॅक्सने नियम लिहून काढले आणि खेळ लोकांपर्यंत नेला, याबद्दल शंका नाही. पण त्याआधी, १९७० ते १९७१ च्या सुमारास, आर्नेसनने मिनेसोटातील मित्रांसह ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक प्रदेशात असाच खेळ सुरू केला होता, हेही तितकेच पक्के आहे.

उगमाचा शोध मात्र या दोघांपाशी थांबवणे अपुरे वाटते. राक्षस, तलवारी व जादू ही या खेळाची वरवरची खूण आहे. खेळाडूने हवे ते करू पाहावे आणि कोणीतरी ते ऐकून विचारपूर्वक उत्तर द्यावे, हे त्याचे खरे अंग. आणि ते बरेच जुने आहे. प्रशियात गेओर्ग फोन रायसविट्सने १८१२ मध्ये राजासमोर युद्धखेळ मांडला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम छापले. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच नकाशा, फासे व तक्ते पाहून निकाल सांगे. तक्ते वाढत गेले, खेळ मंदावला. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने बहुतेक तक्ते वगळून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवला. अमेरिकी अधिकारी चार्ल्स टॉटन याच्या १८८० मधील ‘स्ट्रॅटेगॉस’ या नियमग्रंथातही पंचाला असाच व्यापक अधिकार आहे. हा ग्रंथ डेव्हिड वेस्ली या विद्यार्थ्याला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला. त्याने १९६९ च्या सुमारास ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात काही खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला होता : कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई सुरूच झाली नाही. खेळाडू कोपऱ्यात जाऊन आपापसांत कारस्थाने करत राहिले. वेस्लीला प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळ मागितला. त्या खेळाडूंत आर्नेसन होता. भूमिकाखेळाचा जन्म कुठे झाला असे विचारले, तर प्रस्तुत नोंद याच खोलीकडे बोट दाखवील.

फासे : आरंभापासून चार, सहा, आठ, बारा व वीस पृष्ठांचे फासे वापरात आहेत. वीस पृष्ठांचे फासे टॉलेमीकालीन इजिप्तमध्येही आढळतात, पण त्यांचा या खेळाशी संबंध जोडण्यास आधार नाही. फाशांची निवड खेळाचा स्वभाव ठरवते. वीस पृष्ठांच्या एका फाशावर प्रत्येक आकडा ५ टक्के वेळा येतो. तेथे नशीब लहरी वाटते. सहा पृष्ठांचे तीन फासे एकत्र टाकले, तर २१६ शक्यतांपैकी १८ ही बेरीज एकदाच मिळते. १० किंवा ११ मात्र ५४ वेळा, म्हणजे एक चतुर्थांश. अशा खेळात माणूस बहुधा मध्यम निघतो. संभाव्यतेचे हे ज्ञान खेळाडूच्या हातात सूत्रावाचून मुरते. ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ (१९८१) सारख्या खेळांत कौशल्य थेट टक्क्यांत लिहितात.

व्यक्तिजीवन : समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये मांडलेले विवेचन अद्याप सर्वांत उपयुक्त ठरते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटीच्या (प्रसंगाकडे पाहण्याच्या पातळीच्या) कल्पनेला धरून फाइन सांगतात की मेजाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो : घरदार असलेली व्यक्ती, नियम जाणणारा खेळाडू आणि पात्र. दाराआड सापळा आहे हे खेळाडूने ऐकलेले असते, पात्राने नाही. तेव्हा ठाऊक असूनही अजाणपणे दार उघडावे लागते. दुसऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे सतत वेगळे ठेवण्याचा असा सराव रोजच्या व्यवहारात क्वचितच घडतो. भित्र्या माणसाला धीट पात्र मिळते व चूक पात्राच्या खात्यावर जाते, म्हणून तो बोलून पाहतो. आपली पाळी येईपर्यंत इतरांचे ऐकावे लागते, कारण कथा त्यांच्याच वाक्यावरून पुढे जाणार असते. प्रौढ वयात ठरावीक दिवशी, ठरावीक माणसांत, तीन-चार तास बोलत बसण्याचे निमित्त फारसे उरत नाही. कॅम्पेन ते देते, आणि हा लाभ कदाचित इतर सर्वांहून मोठा आहे.

मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यापासून (प्रसंग अभिनयातून जगून पाहण्याच्या उपचारपद्धतीपासून) भूमिका घेण्याचा उपचारात वापर ज्ञात आहे. अलीकडे काही चिकित्सक समाजात मिसळणे अवघड जाणाऱ्या मुलांच्या गटांत भूमिकाखेळ योजतात. उपलब्ध अभ्यास बहुधा लहान गटांवर व खेळाडूंच्या स्वतःच्या निवेदनावर आधारलेले आहेत. त्यांतून उत्साहवर्धक चित्र दिसते, तरी ठाम निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उलट, १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर आत्महत्या व सैतानपूजेचे आरोप झाले. पुढील तपासांत असा कार्यकारणसंबंध आढळला नाही.

पात्राचे दुःख खेळाडूला लागणे, यास खेळाडू ‘ब्लीड’ म्हणतात. ते आवरण्यासाठी अनेक गट मेजाच्या मध्यभागी एक्स-कार्ड, म्हणजे X लिहिलेले कार्ड, ठेवतात. कोणीही त्यास स्पर्श केला की तो प्रसंग तेथेच सोडून देतात, आणि कारण विचारत नाहीत.