तळ्याचा गळा

आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर दिवाळीत पायडलच्या बोटी आल्या. त्याआधी ते तळं म्हणजे म्हशींची डुंबायची, गणपती विसर्जनाची आणि दहावीच्या पोरांची अभ्यासाच्या नावाखाली बसायची जागा. आता भरावाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉकचा रस्ता आहे, कणसांचे गाडे आहेत, ‘आय लव्ह’ने सुरू होणारी ती लाल अक्षरंही आहेत. उन्हाळ्यात बोटी तळाला टेकू नयेत म्हणून कुणीतरी शक्कल काढली. सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूच्या पोत्यांची दीड फूट उंच रांग लावली. पाणी जास्त साठलं, सगळे खूश झाले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून असेल, पण बोटींपेक्षा माझं लक्ष त्या पोत्यांकडेच जायचं.

तळं भरलं की जास्तीचं पाणी भरावाला धक्का न लावता बाजूने निघून जावं म्हणून सोडलेली वाट म्हणजे सांडवा. वर्षातले अकरा महिने तो कोरडा असतो. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, कुणी कडबा वाळत घालतं. त्यामुळे ही जागा वाया चालली आहे असं कुणालाही वाटतं.

आता थोडा हिशेब करू. सांडवा 10 मीटर रुंद आहे आणि पुराच्या वेळी त्यावरून 1 मीटर जाडीचं पाणी जावं अशा बेताने बांधलाय, असं धरा. अशा सांडव्यावरून सेकंदाला साधारण 17 हजार लिटर पाणी जातं. उंबरा पोत्यांनी अर्धा मीटर उचलला आणि भरावाची उंची तीच राहिली, तर वाहायला अर्धाच मीटर उरतो. प्रवाह मात्र निम्मा होत नाही, सेकंदाला 6 हजार लिटरवर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कारण थर पातळ झाला की पाण्याची जागा घटते आणि त्याचा वेगही घटतो. दोन्हीकडून मार बसतो.

वरून किती पाणी येऊ शकतं? तळ्यामागे 2 चौरस किलोमीटरचा माळ आहे, त्यावर तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 60 टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला सरासरी 20 हजार लिटर पाणी तळ्यात उतरतं. पसरट तळं त्यातलं काही पोटात घेतं, पातळी हळूहळू वर चढते. जुलैत अर्धं रिकामं असलेलं तळं असा लोंढा सहज गिळतं. खरी परीक्षा सप्टेंबरात, तळं काठोकाठ भरलेलं असताना. आणि आपल्याकडे परतीचा पाऊस काय करतो, हे 2025 च्या सप्टेंबरात सीनाकाठच्या गावांनी पाहिलंय.

पाणी भरावावरून गेलं तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. नळदुर्गला तर धरणावरून पाणी पडताना बघायलाच लोक जातात. बोरी नदीवरचा तो बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, चारशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि नदी भरली की नर आणि मादी अशा दोन धारांनी पाणी खाली झेपावतं. मराठवाड्यातलं करमणुकीचं सर्वांत देखणं धरण कुठलं, असं मला विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन. पण ते दगडी बांधकाम आहे. दगड जड, एकमेकांत सांधलेले. वरून पाणी जाणार हे धरूनच ते रचलेत.

आपल्या तळ्यांचे भराव मातीचे. मातीचा कण केवळ दाबून बसवल्यामुळे जागेवर असतो, वाहत्या पाण्याला तो उचलायला वेळ लागत नाही. पाणी माथ्यावरून एकसारखं कधीच उतरत नाही. जिथे भराव दोन बोटं खचलेला असतो तिथून ते आधी जातं, मग सगळं पाणी तिथेच जमतं, उताराला घळ पडते. ती घळ पायथ्याकडून मागे सरकत माथा कुरतडते. एकदा ती तळ्याच्या बाजूला पोचली की पाणी स्वतःच आपली वाट रुंद करत जातं, मग थांबवणं माणसाच्या हातात राहत नाही. आमचे पेव्हर ब्लॉक एका ठिकाणी खचून तिथे डबकं साचतं. चालणाऱ्याला तो चपला वाचवून ओलांडायचा चिखल वाटतो.

करमणुकीसाठी धरणाशी खेळ केला की काय होतं, याचं ठळक उदाहरण अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात घडलं. कालव्यासाठी बांधलेलं साउथ फोर्कचं मातीचं धरण श्रीमंतांच्या एका मासेमारी-शिकार क्लबने 1879 मध्ये विकत घेतलं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते परत बसवले नाहीत. घोडागाड्यांना रस्ता रुंद हवा म्हणून माथा खाली घेतला. तळ्यात सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 ला जोरदार पावसात त्या जाळ्या पालापाचोळ्याने आणि ओंडक्यांनी तुंबल्या. माणसं जाळ्या मोकळ्या करायला धडपडली, बाजूने नवा चर खणू लागली, पण दुपारी धरण फुटलं. खाली 22 किलोमीटरवरच्या जॉन्स्टाउन गावात आणि वाटेत मिळून 2,209 माणसं गेली. पाइप, रस्ता, जाळी, तिन्ही गोष्टी करताना कुणालाही आपण धरण कमकुवत करतोय असं वाटलं नसणार.

आमचं तळं त्यापुढे किस पेड की पत्ती. पण पाण्याचा दाब तळ्याच्या पसाऱ्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. भिंतीपाशी 8 मीटर पाणी असेल तर पायथ्याशी दर चौरस मीटरला 8 टन दाब येतो, मागे तळं एकरभर असो की नाथसागराएवढं. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण 32 टनांचा रेटा. खोली दुप्पट झाली की हा रेटा चौपट होतो. तळ्याचा आकार मोजायचा तो फुटल्यानंतरच्या हिशेबात. 10 हेक्टरचं, सरासरी 3 मीटर खोलीचं तळं म्हणजे 30 कोटी लिटर पाणी, आणि खाली गावाची वस्ती.

तरी अशा तळ्यांकडे कुणाची नजर फारशी जात नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. महाराष्ट्रात मोठी धरणंच 2 हजारांहून अधिक, त्यापुढे पाझर तलाव नि गावतळ्यांची रोज कोण काळजी करणार? आमच्या तळ्यापुरतं उत्तर आहे: तिथला रखवालदार.

त्यांना सगळे मामा म्हणतात. एप्रिलमध्ये मी भरावाच्या पायथ्याला फिरत होतो, तर भर उन्हात एका पट्ट्यात हिरवंगार लव्हाळं. बूट टेकवला की पाणी वर यायचं.

“मामा, हे चिबड कधीपासून?”

“सर, हितं बारा महिने वल राहती.”

“पाणी गढूळ असतं का स्वच्छ?”

“आता ते कोण बघतंय?”

खरं तर तेवढंच बघायचं असतं. मातीचा प्रत्येक भराव पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून तर पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड असे थर देतात. ती एक गाळणी असते, पाणी सोडते आणि मातीचे कण अडवते. गाळणी बंद पडली किंवा पाण्याने भलतीच वाट धरली की पाझराबरोबर कण वाहू लागतात. कण गेला की पोकळी, पोकळीतून पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून आणखी कण. बीळ बाहेरून आत, तळ्याच्या दिशेने वाढत जातं. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. अमेरिकेतलं टेटन धरण 93 मीटर उंच होतं. 5 जून 1976 ला ते पहिल्यांदाच भरत असताना सकाळी गढूळ पाझर दिसला, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण गेलं.

2 जुलै 2019 ला चिपळूणजवळचं तिवरे धरण रात्री फुटलं, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर हसू झालं. खेकडे, उंदीर, घुशी भरावात बिळं करतात हे खरंच आहे. वेडी बाभूळ तर त्याहून लबाड. झाड उभं असेपर्यंत मुळं मातीत घट्ट असतात, झाड तोडलं की ती कुजतात आणि भरावात आयत्या नळ्या तयार होतात. पण खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याचं बीळ कुणीतरी कित्येक महिने न बघावं लागतं.

मराठवाड्यात याच्या जोडीला काळी माती आहे. ओली असताना ती पाणी अडवण्यात एक नंबर, म्हणून भरावाचा गाभा तिचाच करतात. पण वाळली की आकसते आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे टाळायला गाभ्यावर मुरमाचं जाड कवच देतात. ब्लॉकचा रस्ता करताना किंवा घराच्या पायाला चार ब्रास फुकट मिळतोय म्हणून हे कवच खरवडलं, की दुष्काळात गाभा उघडा पडतो. आपल्याकडे दुष्काळ आणि पूर एकाच वर्षात येतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं, आणि त्याच पावसाळ्याअखेरीस मांजरा धरणात पाणीच पाणी झालं. भेगाळलेल्या भरावापुढे पाणी असं झपाट्याने चढणं सर्वांत वाईट.

आम्ही मामांना एक काम लावलं. दर सोमवारी पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, चिठ्ठी चिकटवून तारीख घालायची आणि बाटली खोलीच्या खिडकीत ठेवायची. रात्रभरात तळाशी गाळ बसला तर फोन करायचा. पोत्यांबद्दल मी संबंधित कार्यालयाला अर्ज दिला. पोच मिळाली, पोती राहिली. मृग लागायच्या आधी मामांनी आणि मासे धरणाऱ्या दोन पोरांनी ती उचलून भरावावरच्या खचलेल्या जागेशेजारी रचली. बोटवाल्याने आठवडाभर मामांशी बोलणं सोडलं.

खिडकीतल्या बाटल्या ओळीने स्वच्छ होत्या. पाऊस सुरू झाल्यावर एका मंगळवारी सकाळी सहाला मामांचा फोन आला, बाटलीच्या बुडाशी पिवळं काहीतरी बसलंय. मी तसाच गाडी काढून गेलो. बाटली हलवली, उन्हात धरली, वास घेतला. आदल्या दिवशी त्यात लोणचं होतं.