रिकाम्या क्रेटचा हिशोब: चलनाच्या मागच्या ओळीपासून टॅगपर्यंत

टेम्पो दुकानाच्या मागच्या दाराला लागतो, फाळका पडतो, ४० भरलेली क्रेट उतरतात आणि चलनाच्या मागे ड्रायव्हर पेनाने लिहितो, "रिकामी ३१ मिळाली, ९ बाकी". ही ९ बाकीच सगळ्या भानगडीचं मूळ आहे. भरलेल्या मालातला एक बॉक्स कमी निघाला तर लगेच फोनाफोनी होते, पण रिकामं क्रेट कुणालाच आपलं वाटत नाही, ते मागच्या बोळात बसायला नाहीतर सामान ठेवायला कामी येतं आणि इकडे कंपनी नवीन क्रेटची ऑर्डर टाकते.

आपल्याकडे हा प्रश्न एका ठिकाणी फार आधीच सुटला होता. मुंबईतले डबेवाले १८९० पासून हेच करतायत, झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे, त्यावरून डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर न्यायचा ते कळतं, आणि रिकामा डबा त्याच खुणेवरून संध्याकाळच्या आत घरी परत. पण तिथे प्रत्येक डब्याचा मालक ठरलेला असतो आणि तो दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी त्याची वाट बघत असतो. गोदामातली हजारो क्रेट एकसारखी, कुठलंही कुठेही जातं.

मोठ्या प्रमाणावरचा पहिला उपाय ऑस्ट्रेलियातून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने तिथे मागे ठेवलेली पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) आणि फोर्कलिफ्ट सांभाळायला सरकारने कॉमनवेल्थ हँडलिंग इक्विपमेंट पूल उभा केला, तोच आज चेप या नावाने ओळखला जातो, १९५८ मध्ये तो ब्रँबल्स कंपनीने घेतला. पॅलेट विकायचंच नाही, भाड्याने द्यायचं, आणि निळा रंग मारायचा म्हणजे कुणाचं आहे ते लांबून दिसतं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण भाडं सुरू असेल तर रिकामं अडवून ठेवणाऱ्याच्याच खिशाला कात्री लागते.

पण रंगावरून मालक कळतो, नेमका नग कळत नाही. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात दुकानाच्या काउंटरवर च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि बारकोड सुरू झाला, तोसुद्धा वस्तू कुठली एवढंच सांगायचा, त्याच वस्तूचे दोन नग त्याला सारखेच. म्हणून पुढे जीएस१ ने, म्हणजे बारकोडचे नंबर ठरवणाऱ्या संस्थेने, परत येणाऱ्या पॅलेट-क्रेटसाठी ग्राय नावाचा वेगळा नंबर ठरवला, त्यात मालक, प्रकार आणि हवा तर त्या एकाच नगाचा सीरियल नंबर बसतो.

आता तो नंबर वाचायचा कसा? क्रेट धुतलं, आपटलं की स्टिकर सोलतो, आणि एकेक स्कॅन करायला डॉकवर वेळ कुणाला आहे. २००३ मध्ये वॉलमार्टने मोठ्या १०० सप्लायरना २००५ पर्यंत केस आणि पॅलेटवर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणारी चिप, लावायला सांगितलं तेव्हा या तंत्राची सगळीकडे चर्चा झाली, पण तेव्हा टॅग महाग होते आणि पाणी किंवा धातू जवळ असला की रीडिंग चुकायचं. खरं तर परत येणाऱ्या क्रेटला टॅग जास्त परवडतो, कारण एकदा बसवला की तो शेकडो फेऱ्या चालतो, फेकून द्यायच्या खोक्यासारखा पहिल्याच फेरीत जात नाही. क्रेटची थप्पी टॅग वाचणाऱ्या गेटमधून ढकलली की सगळे नंबर एका झटक्यात उतरतात.

फक्त गेट गोदामाला असतं, दुकानाच्या मागच्या दाराला सहसा नसतं. म्हणून टॅग असलेल्या क्रेटसोबतही बऱ्याच ठिकाणी ते चलन फिरतंच, आणि बाकी ९ वर दुकानदाराची सही घेणारा अजूनही ड्रायव्हरच असतो.