बालरोगतज्ज्ञांनो, पाच वर्षांची फाइल आजच उघडा

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञाला बोर्डाचं प्रमाणपत्र टिकवायला अजूनही प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. आपल्याकडे पुन्हा परीक्षा नाही, म्हणूनच बहुधा सगळे निर्धास्त असतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी मात्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात.

गाडी अडते ती इथेच. हे पॉइंट मिळतात सीएमईतून, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांतून. पुण्यात सीएमईंना तोटा नाही. आयएपी या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शाखेच्या आहेत, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या आहेत. पण हजेरी लावली म्हणजे पॉइंट मिळाले असं नव्हे. कार्यक्रमाला वैद्यक परिषदेची मान्यता हवी, आणि प्रमाणपत्रावर पॉइंटचा आकडा व तुमचा नोंदणी क्रमांक स्पष्ट हवा. मी स्वतः एकदा क्रमांक न छापलेली दोन प्रमाणपत्रं घेऊन आयोजकांच्या मागे महिनाभर फिरलोय. वर्षाला सहा पॉइंट धरून चाललात तर शेवटच्या वर्षी धावाधाव होत नाही.

अर्ज ऑनलाइन आहे. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या नूतनीकरणाची प्रत, सीएमई प्रमाणपत्रं, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा आधीच स्कॅन करून ठेवा. शुल्क पोर्टलवर दिसेल तेच भरा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आकड्यांवर जाऊ नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत हाताशी असू द्या.

दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. एमबीबीएसची नोंदणी चालू आहे म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीसीएच या एमबीबीएसनंतरच्या बालरोगाच्या अर्हतेची आपोआप झाली, असं नसतं. ती अतिरिक्त अर्हता म्हणून वेगळ्या अर्जाने नोंदवावी लागते. त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं किंवा तुम्हाला ती पदवी देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र जोडायचं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार त्या शाखेची विशेष अर्हता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवरही छापायचा, हेही तिच्यातच आहे. तिच्या जागी आलेले २०२३ चे नवे नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे जुनीच संहिता लागू आहे.

खाटा असलेलं बालरुग्णालय असेल तर महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी निराळी, तिची मुदतही निराळी. दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर टाका, पण कागदांच्या फाइली वेगळ्या ठेवा.