नरकासुर बघताना लेकरू आईकडे का बघते?

दिवाळीच्या आदल्या रात्री फोंड्यात वाड्यावरच्या मुलांनी उभा केलेला नरकासुराचा पुतळा बघायला गेलो होतो. बहिणीच्या कडेवर तिची वर्षाची मुलगी. वटारलेले लाल डोळे, लोंबती जीभ, वर स्पीकरचा दणका. पोरीने आईच्या खांद्यावरचा पदर मुठीत घट्ट धरला आणि मान वळवून थेट आईच्या तोंडाकडे पाहिले. बहीण हसत होती. हळूहळू मूठ सुटली, बोट नरकासुराकडे गेले.

त्या मान वळवण्यावर 1985 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षाच्या बाळांना जाड काचेवर ठेवले. काच सलग, पण पुढच्या अर्ध्या भागाखाली जमीन एकदम खाली गेलेली दिसायची. पलीकडे आई, तोंडातून शब्द काढायचा नाही. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही बाळ पुढे गेले नाही. हसरा चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 बाळे काच ओलांडून गेली!

ही समज टप्प्याटप्प्याने येते. पाच महिन्यांचे बाळ भ्यालेल्या चेहऱ्यावर विशेष रेंगाळत नाही, सात महिन्यांचे रेंगाळते. रांगायला लागण्याचेही वय साधारण तेच, आणि मला तो योगायोग वाटत नाही. शब्द मात्र फार मागून येतात. किळसेने मुरडलेले नाक दाखवले तर चार वर्षांचे मूलसुद्धा बहुधा "रागावलाय" म्हणते.

मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला असतो. धोक्याची चाहूल तो फार लवकर घेऊ लागतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला मात्र पंचविशी उजाडते. 2001 मधल्या एका छोट्या अभ्यासात मोठ्यांचा अमिग्डाला भ्यालेल्या चेहऱ्याला जास्त जागा झाला, तर अकराएक वर्षांच्या मुलांचा कोऱ्या, निर्विकार चेहऱ्याला. माझा आठ वर्षांचा भाचा कामावरून दमून गप्प बसलेल्या आईला विचारतो, "आई गो, रागावलीस?" तेव्हा मला हाच अभ्यास आठवतो.

घरात मारहाण सोसलेल्या मुलांना संशोधकांनी धूसर चेहरे दाखवले, हळूहळू स्पष्ट होत जाणारे. बाकीच्या भावना त्यांनी इतर मुलांपेक्षा आधी ओळखल्या नाहीत. राग मात्र चित्र पुरते उमटण्याआधीच ओळखला.