रात्रीची ढास

दिवसभर हुंदडलेलं मूल आडवं झालं रे झालं की ढास लागते. चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांत पाणी येतं, कधी उलटी होते आणि त्यात कफाचे चिकट धागे दिसतात. दिवसा नाकातून वाहणारा शेंबूड झोपल्यावर घशात मागे उतरतो आणि तिथल्या नसांना डिवचतो. मग मूल खोल श्वास घेतं, स्वरयंत्राची फट मिटते, छातीत दाब साठतो आणि फट उघडताच हवा सुसाट बाहेर पडते. ही झाडलोटच! मुळात ती बंद करायची घाई कशाला?

तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते. आतून चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तर वाट 2 मिलिमीटरच उरते आणि हवेला होणारा अडथळा सुमारे 16 पट वाढतो. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत तेवढ्या सुजेने अडथळा खूपच कमी वाढतो.

सर्दीचा खोकला निम्म्या मुलांत साधारण 10 दिवसांत थांबतो, बाकीच्यांपैकी बहुतेकांचा 25 दिवसांपर्यंत. चार वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं सिरप मनाने देऊच नये. फायदा नगण्य, गुंगीचा धोका खरा. नाकात सलाईनचे थेंब आणि पोटात पुरेसं पातळ, एवढ्यानेही बरंच हलकं वाटतं. वर्ष उलटलेल्या मुलाला झोपण्याआधी अर्धा चमचा मध चालतो. त्याआधी अजिबात नको: मधातले जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ तर नकोच, भाजण्याची भीती मोठी.

मी आवाजापेक्षा दोन उबळींमधला श्वास बघायला सांगेन. मूल शांत असताना सदरा वर करा, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर पोटाची वरखाली मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा शांत असतानाही श्वास आत घेताना घरघर येत असेल, तर मोजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि चांगलं खेळणारं मूल अचानक ठसकायला लागलं, तर आधी आठवा, त्याच्या हातात काय होतं.